आजी दर शुक्रवारी ग्लासात दिवा लावायची… आईकडच्या मुळांचा शोध कुठून सुरू करू?

लालबागची_पोर

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज पहिला धागा काढतेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझी आजी, म्हणजे आईची आई, २०११ ला गेली. आजोबा देवगडचे, छापखान्यात कंपोझिटर, आजी नर्स. लग्न १९५७ चं, राहायला लालबागला चाळीत. आजीच्या माहेराबद्दल आम्हाला दोनच गोष्टी माहीत होत्या, 'अलिबागकडची' आणि 'तिचं कोणी उरलं नाही'. मे महिन्यात चाळीत प्रत्येकीच्या माहेरून काही ना काही यायचं, आंबे, फणस, नाहीतर नुसता भाऊ तरी. आजीकडे कधी कोणी आलेलं मला आठवत नाही. विचारलं की म्हणायची, तुला गाव कशाला पाहिजे, देवगड आहे ना.

आता चाळ पाडायला घेतलीय. खोली रिकामी करताना मामाला माळ्यावर पत्र्याची ट्रंक मिळाली. आत आजीचा नर्सिंगचा बिल्ला, जुनी रेशनकार्डं आणि तळाशी ब्लाउजपीसमधे गुंडाळलेलं एक पुस्तक. अर्धं मराठी, अर्धं भलत्याच लिपीत. मामा म्हणाला उर्दू आहे, पण उर्दू अशी चौकोनी चौकोनी नसते ना? आणि पुस्तक उघडतंही उलट्या बाजूने. सुरुवातीची पानं कसरीने खाल्लीत. मधे एक निळं एअरलेटर, शिक्का १९६६ चा, तिकीट इस्रायलचं, आणि आतलं पत्र चक्क मराठीत! 'इकडे नारळ मिळत नाही, बाकी ठीक. बाबांना तुझी आठवण येते पण ते बोलत नाहीत.' खाली नाव नाही, नुसतं 'तुझी धाकटी'.

त्या रात्री मला झोप नाही आली, आणि मग एकेक आठवायला लागलं. आजी दर शुक्रवारी दिवेलागणीला काचेच्या ग्लासात पाणी आणि वर खोबरेल तेल घालून त्यात वात सोडायची, आम्हाला वाटायचं संतोषीमातेचं काहीतरी असेल (आंबट तर सगळं खायची, तेव्हा कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही!). घर मालवणी, कोळंबी, कुर्ल्या सगळं शिजायचं, शिजवायची तीच आणि एकदम झकास, पण स्वतः तोंडात घालायची नाही, 'मला सोसत नाही' म्हणायची. मटण शिजवायच्या आधी मीठ चोळून ठेवायची आणि तीन तीन पाण्यांनी धुवायची, आजोबा चिडायचे की सगळी चव मोरीत गेली. आषाढ-श्रावणात एक दिवस कडक उपास, आणि तो सोडायला वालाचं बिरडंच लागायचं. आणि वर्षातून एकदा, नवरात्राच्या मागेपुढे, पांढरी साडी नेसून दिवसभर आतल्या खोलीचं दार लावून बसायची, 'डोकं धरलंय' म्हणायची. दुसऱ्या दिवशी डोकं एकदम ठीक, उलट शेजारीपाजारी फिरून यायची आणि खालच्या भिकाऱ्यांना सुटे पैसे वाटायची.

तर आता प्रश्न. एक, मला जे वाटतंय ते बरोबर आहे का? दोन, शोध कुठून सुरू करायचा, कागद मिळतात का? तीन, ती थुंकी पाठवून डीएनए टेस्ट करतात ती करू का? मामा म्हणतो कशाला उकरतेस. आई गप्प. मोठ्या मावशीला नक्की काहीतरी माहितीये पण विषय काढला की ती गॅस बंद करायला उठते.

कोकणचा_भूत

बाप रे, काय धागा आहे. मी फक्त पाट टाकून बसतोय.

आग्रीपाड्याचा_काका

ताई, तुमचं पोस्ट मी मोठ्याने वाचत होतो. ग्लासापर्यंत आलो आणि आमची बायको आतून ओरडली, 'ही आपल्यातली!' आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. माझा जन्म नागपाड्याचा, आता आग्रीपाडा, पोरं बाहेर.

तुम्ही लिहिलेली एकूण एक गोष्ट आमच्या घरातली आहे. शुक्रवारचा ग्लास म्हणजे शाब्बाथचा, आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा दिवा, सूर्य मावळायच्या आत लावायचा. बिरड्याचा उपास म्हणजे आमचा 'बिरड्याचा सण', यरुशलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याचा शोक. दार लावून बसायची तो 'दारफाळणीचा सण', बाहेरचे लोक योम किपूर म्हणतात, प्रायश्चित्ताचा दिवस. पूर्वी आमची माणसं त्या दिवशी खरोखर दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, अन्नपाणी नाही, बाहेरच्याशी शिवाशीव नाही. आणि दुसरा दिवस 'शिळा सण', दानधर्म करायचा, ओळखीपाळखीत जाऊन यायचं. तुमच्या आजीचं डोकंबिकं काही दुखत नव्हतं हो. लालबागच्या चाळीत एकटीने सगळं पाळत होती बाई.

नावं बघा, सगळी मराठी. आमच्या पूर्वजांना हिब्रू फारसं उरलंच नव्हतं, शमा हा एक मंत्र, सुंता, शनिवार आणि खाण्याचे नियम, एवढं धरून राहिले. नवीन वर्ष तो नव्याचा सण, आणखी एक खिरीचा सण, पुरीमला तर सरळ होळीचा सण म्हणायचे. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचून अलिबागजवळ नवगावला किनाऱ्याला लागल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, अशी आमची कथा. मग कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, तेलाचे घाणे चालवायला लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. आडनावं गावावरून, किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर. म्हणून आजीचं माहेरचं आडनाव मिळालं तर गाव आपोआप मिळेल. अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथलं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, अजून आहे, रो-रो बोटीने मांडव्याला उतरून सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं.

मुंबईत आमचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं, मांडवीला, सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं, त्यांच्या नावाची सॅम्युएल स्ट्रीट आजही आहे. आमच्या म्हाताऱ्या त्याला मशीदच म्हणायच्या, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्याच्यावरूनच पडलं असं आम्ही छाती फुगवून सांगतो.

आता पुस्तक. त्यात चार प्रश्न, दहा पीडा, बेखमीर भाकरी असं काही येतं का बघा. येत असेल तर तो हगादा, वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या रात्री वाचायचा. मराठीतला हगादा मुंबईत १८४६ ला आणि पुण्यात १८७४ ला छापला गेलाय, पुण्याच्यात तर साड्या नेसलेल्या बायका भाकऱ्या करतायत असं चित्र आहे. तुमचं नंतरचंही असेल, प्रार्थनेचं साधं पुस्तकही असेल. पण कृपा करून लॅमिनेट करू नका!! सुती कपड्यात ठेवा आणि फोटो काढा.

आणि पत्रातले बाबा. १९४८ नंतर आमची माणसं घरंच्या घरं उचलून इस्रायलला गेली, रामले, लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना. परजातीत लग्न केलेल्या पोरीचं नाव तेव्हा घरात घेत नसत. तुमच्या देवगडच्या घरात तरी तिचं नाव खरं ते घेत होते का, ते विचारा.

उगाच_बोलतो

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आजीने पन्नास वर्षं लपवलं म्हणजे तिला ते सांगायचं नव्हतं. मग नातीला काय अधिकार? की पासपोर्टचा बेत आहे? 😄

आग्रीपाड्याचा_काका

@उगाच_बोलतो, पासपोर्टचं म्हणाल तर इस्रायलच्या कायद्यात १९७० पासून नातवंडांनाही जाता येतं, तेव्हा तुमचा टोमणा कायदेशीर दृष्ट्या अगदी बरोबर आहे 😄 आणि आमच्या धर्मशास्त्राप्रमाणे आईवरून ज्यू ठरतो. हिची आजी आईची आई, म्हणजे हिची आई ज्यू, आणि ही बसल्या जागी ज्यू, देवगडच्या रामेश्वराला नारळ फोडत असली तरी. पण लपवायचंच असतं तर बाईने पत्र जाळलं असतं हो. ब्लाउजपीसमधे बांधून कशाला ठेवलं असतं?

पेशीवाली

मी लॅबमधे काम करते (ती किट विकणारी कंपनी नाही), म्हणून फक्त डीएनएचं बोलते. कराच किंवा करू नका असं नाही, पण काय मिळेल ते आधी समजून घ्या नाहीतर पाच-सहा हजार घालून डोकं फिरेल.

तुम्हाला चारही आजीआजोबांकडून साधारण पाव पाव हिस्सा येतो, पण 'साधारण'. पत्ते पिसल्यासारखं असतं, तुमच्या भावाला आजीचा वेगळा तुकडा आलेला असू शकतो, म्हणून सख्ख्या भावंडांचे रिपोर्ट सारखे येत नाहीत. त्यात टक्के काढतात ते कंपनीकडे आधीपासून ज्यांचे नमुने आहेत त्यांच्याशी तुलना करून, आणि आपल्याकडच्या बारीक बारीक समाजांचे नमुने त्यांच्याकडे फारच कमी. एक गोष्ट मात्र न पिसता येते, मायटोकाँड्रियाचा डीएनए, आईकडून मुलांना, आणि पुढे फक्त मुलीकडून. तुमच्यात तो थेट आजीचा आहे, तिच्या आईचा, तिच्या आजीचा.

पण इथेच गंमत आहे. बेने इस्रायल समाजावर २०१६ ला एक जनुकीय अभ्यास आला, त्यात दोन्हीकडची मुळं निघाली, मध्यपूर्वेतल्या ज्यूंशीही नातं आणि इथल्या भारतीय लोकांशीही, दोन्ही भरपूर, मिसळण झाली ती १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी. आणि ज्यू वाटा जास्त करून पुरुषांकडून आलेला, इथला वाटा बायकांकडून. म्हणजे तुम्ही नेमकी आईकडची रेषा तपासली तर ती अगदी देशी निघायची शक्यता जास्त, आणि तुम्ही म्हणणार अरेच्चा मग आजी ज्यू नव्हतीच! तर तसं नाही. ती ज्यूच, फक्त तिच्या आईची आईची आई कुठेतरी इथल्याच किनाऱ्यावरची असणार. तुमच्या घरातलं मिश्र लग्न हे काही पहिलं नाही.

टेस्ट करायचीच तर स्वतःची नको, आईची किंवा मावशीची करा, त्या एक पिढी जवळ आहेत. पण त्यांना नीट विचारून. पत्ता लागला तर तो तुमच्या एकटीचा नसतो.

मोडी_शिकतोय

टेस्टच्या आधी कागद, आणि कागदाच्या आधी माणसं. मावशींचं वय काय? रजिस्टरं कुठे पळून जात नाहीत (वाळवी सोडून), मावशी मात्र… समजून घ्या.

तरी कागदांचं सांगतो. लग्न १९५७ चं, एक हिंदू एक ज्यू. दोघांनी आपापला धर्म ठेवला असेल तर ते १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोंदलेलं असणार. त्यात तीस दिवसांची नोटीस लावतात आणि तिच्यात दोघांचं नाव, वय, धंदा, राहायचा पत्ता असतो. विवाह नोंदणीच्या ऑफिसात साल आणि नावं देऊन शोधाचा अर्ज करा, दोन-तीन खेपा होतील, पाण्याची बाटली घेऊन जा. आजीने धर्म बदलून वैदिक पद्धतीने लग्न केलं असेल तर तिथे काहीच सापडणार नाही, पण न सापडण्यावरूनही काहीतरी कळतंच.

दुसरं, तो बिल्ला!! त्याच्यावरून तुम्ही सरळ पुढे गेलात. मागची बाजू बघा, नंबर कोरलेला असतो. लग्नाआधी ट्रेनिंग झालं असेल तर नोंद माहेरच्या नावाने असणार, हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलला नाहीतर नर्सिंग कौन्सिलला विचारा. शाळा कळली तर शाळेच्या जनरल रजिस्टरमधे जन्मगाव आणि धर्म दोन्ही असतं.

तिसरं देवगड. आजोबांच्या बाजूची जुनी जन्ममृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना १४, कोतवाल बुक म्हणतात ते, तहसीलला मिळतं, बरंचसं मोडीत असतं. मोडी वाचता येत नसेल तर मला फोटो टाका, माझी प्रॅक्टिस होईल, दोन वर्षं शिकतोय आणि अजून 'व' आणि 'ब' मधे मार खातो. आणि घरातलं कोणी नाशिक-त्र्यंबकला श्राद्धकार्याला गेलं असेल तर तिथल्या उपाध्यायांच्या वह्यांत घराण्याची नामावळ असते, येईल तो आपल्या हाताने नावं लिहून सही करतो. आजोबांनी वडिलांचं कार्य तिथे केलं असेल तर बायकोच्या नावापुढे त्यांनी काय लिहिलंय ते वाचायला मला स्वतःला आवडेल.

उत्तनकरीण

आमच्याकडे उलटं. बाबा आगरी, आई ईस्ट इंडियन, आणि दोन्हीकडचे म्हणतात आम्हीच इथले मूळचे. दोघंही खरंच बोलतात, आईकडचेही पोर्तुगीजांच्या काळात बाटलेले इथलेच लोक, आणि ईस्ट इंडियन हे नाव तर १८८७ ला राणीच्या ज्युबिलीच्या वेळी घेतलेलं. आईचं मी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमधे पाच पिढ्या मागे गेले, बाबांचं पणजोबाच्या पुढे ठप्प. घरात लग्न निघालं की मात्र दोन्हीकडे उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवरच जातात. मग कुठला कागद आणि कुठलं काय.

मावशींबद्दल एक सांगू? फोनवर विचारू नका. समोर बसवून मुलाखत तर अजिबात घेऊ नका. जेवायला बोलवा आणि बिरडं करा. काही बोलू नका, नुसतं वाढा.

लालबागची_पोर

सगळ्यांचे आभार, रडले थोडीशी. काका, पुस्तकात 'बेखमीर भाकर' सापडलं, पान १४ ला!!! तिथे हळदीचा डाग आहे, बोटाचा. बिल्ल्यावर नंबर आहे, उद्या फोन करते. @उगाच_बोलतो, तुमचा प्रश्न टोचला पण खोटा नाही, मी आईला विचारूनच पुढे जाणार.

लालबागची_पोर

बारा दिवसांनी अपडेट. रजिस्टरचं 'अर्ज द्या, बघतो' चाललंय, ते सोडा.

रविवारी मावशीला जेवायला बोलावलं. वाल दोन दिवस आधी भिजत घातले, मोड आणले, मी आणि आई शनिवारी रात्री टीव्हीसमोर बसून सोलले, बोटांची सालं निघाली. नारळाचं दूध काढलं, आजी मिक्सरला हात लावायची नाही म्हणून आईने पाट्यावर वाटायचा हट्ट धरला, पाटा कुठून आणणार, शेवटी मिक्सरच. मावशी जेवायला बसली, ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जेवली. दोनदा घेतलं. म्हणाली मोड लांब आलेत, आई आखूड ठेवायची. बास. मला वाटलं गेला दिवस फुकट.

हात धुऊन चप्पल घालताना, दारातून, आईकडे बघून म्हणाली, 'धाकटीचं नाव मिलका. रामलेला होती. आईने दोन पत्रं लिहिली, पोस्टात मी टाकली होती.' आई भिंतीला धरून उभी राहिली. मी पुढे काही विचारणार तेवढ्यात मावशी लिफ्टमधे. दार लागता लागता म्हणाली, 'पुढच्या रविवारी येते, कोळंबी करू नकोस.'

मावशी कोळंबी खात नाही हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आग्रीपाड्याचा_काका

रामलेत दर चौथ्या घरात मिलका सापडेल, त्यामुळे आशा फार वाढवू नका. पण माझा साडू तिथलाच, १९६४ पासून, आणि त्याची बायको म्हणजे चालतीबोलती जनगणना आहे. पत्राचा फोटो पाठवा, पाकिटावरचा पत्ता नीट दिसेल असा. अक्षर बघूनसुद्धा ओळखेल ती. आज शुक्रवार आहे, आमची दिव्याची वेळ झाली, आता फोन बंद करतो. उद्या रात्री बोलू.